आठवणीची बटई

आमच्या तालुक्याच्या गावाला लागून कापसाचा एक बंद पडलेला जिन आहे. त्याच्या छपराचे पत्रे कधीच गेले, भिंतींतून पिंपळ उगवले आहेत आणि आत रेच्यांचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचे, सांगाडे ओळीने गंजत उभे आहेत. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की मी अकरावीच्या मुलांना तिथे घेऊन जात असे. एका वर्षी दोन मुलींनी विटेच्या तुकड्याने एका रेच्याच्या बिडाच्या बाजूवरचा गंज घासून काढला, तेव्हा खालून उठावाची इंग्रजी अक्षरे वर आली : ओल्डहॅम. मुले बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. हे गाव इंग्लंडात मँचेस्टरच्या शेजारी आहे, एवढे मी त्यांना सांगू शकलो. पण तिथल्या मुलांनाही आपल्याकडच्या एखाद्या गावाचे नाव असे कुठे वाचायला मिळते का, असे त्यांतल्या एकीने विचारले, त्या दिवशी माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

उत्तराचा काही भाग मला पुढे वाचनात सापडला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदपत्रांत अमरावतीचे नाव उमरावती असे येते, आणि मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडचा कापूस ‘उमरा’ याच नावाने विकला जात असे. लांब धाग्याच्या हिंगणघाटी कापसाला तर थेट त्या गावाचे नाव होते. म्हणजे लँकशायरच्या गिरण्यांत आपल्या गावांची नावे रोज तोंडात होती आणि आपल्या जिनांत त्यांची नावे लोखंडावर होती. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. तरी एकाच्या घरची चूल दुसऱ्याच्या वावरावर अवलंबून राहिली. हा इतिहास दोघांचा सामाईक आहे आणि तो आजवर दोन वेगळ्या खोल्यांत बसून लिहिला गेला आहे.

या लेखात मला जे मांडायचे आहे ते असे. कापसाच्या या सामाईक इतिहासावर विदर्भातल्या, इंग्लंडातल्या आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या विद्यापीठांनी मिळून काम केले पाहिजे, आणि जुनी माणसे हयात आहेत तोवर केले पाहिजे. मात्र ज्या गावातून आठवण घ्यायची, त्या गावाचा त्या कामात निदान बटईदाराइतका तरी हक्क असला पाहिजे. दुसऱ्याचे वावर बटईने करणारा माणूस गरीब असेल, पण माल मोजला जातो तेव्हा तो तिथे हजर असतो आणि आपला हिस्सा बंडीत भरून घरी नेतो. आठवण देणाऱ्या गावाला मोजणीच्या वेळी कोणी बोलावत नाही.

आधी हा इतिहास किती सामाईक आहे ते पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, तो हैदराबादच्या कंटिन्जंट, म्हणजे इंग्रजांच्या हाताखालच्या पण निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, फौजेच्या थकबाकीपोटी. पुढच्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. कापूस पिकवणारा काळ्या मातीचा हा सारा पट्टा असा वर्षा-दोन वर्षांत इंग्रजांच्या हाती आला. त्या काळी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कापूस अमेरिकेतून येत होता आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि लँकशायरच्या गिरण्यांना टाळी लागली. १८६२ च्या अखेरीस तिथले सुमारे ५ लाख लोक मदतीच्या अन्नावर जगत होते. गिरण्यांच्या मालकांचे डोळे आपल्या पऱ्हाटीकडे वळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंतचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. एका तालुक्याच्या कापूस बाजारासाठी व्हाइसरॉय स्वतः येतो, यावरून त्या कापसाची त्यांना किती निकड होती हे कळते.

याच धाग्याचे दुसरे टोक लँकशायरमध्ये आहे आणि ते फार थोड्या मराठी वाचकांना माहीत असेल. उपासमार होत असतानाही मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर लिहिले. त्या पत्रातला मजकूर आज मँचेस्टरमध्ये लिंकनच्या पुतळ्याखाली कोरलेला आहे. ही त्या शहराची अभिमानाची आठवण आहे आणि तो अभिमान रास्त आहे. पण याच कामगारांच्या हाती जेव्हा हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला कापूस आला, तेव्हा त्यांची बोटे फाटली, धागा पुन्हा पुन्हा तुटला आणि मजुरी घटली. हिंदुस्थानच्या सगळ्याच कापसाला ते ‘सुरत’ म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या बोलीत हलक्या मालाची शिवी होऊन बसला. देवा, कापूस पाठव पण सुरत नको, अशी त्यांची प्रार्थना सांगितली जाते. ज्यांनी तो कापूस वेचला त्या आपल्या बायांचा शब्द मात्र कुठल्या दगडावर कोरलेला नाही. कचरा कोणी मिसळला, शेतकऱ्याने, अडत्याने की प्रेसमध्ये, याचे उत्तर त्या विणकरालाही हवे होते आणि आपल्यालाही हवे आहे. पुढे १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे निजामाकडे नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या, हुकमाने नियंत्रणाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी बाजारांचा कायदा झाला; त्यामागे मँचेस्टरला शुद्ध कापूस रास्त दरात मिळावा हा हेतू होता. आज आपण बाजार समितीच्या आवारात उभे राहून भावासाठी भांडतो, त्या आवाराची पहिली आखणी कोणाच्या सोयीसाठी झाली, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असायला हवे.

हे सगळे एका ठिकाणी बसून लिहिता येत नाही, याचे कारण दप्तरे विखुरलेली आहेत. वऱ्हाडचा कारभार १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले, म्हणून त्या काळचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इंडिया ऑफिसची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मध्य प्रांताचे कागद नागपूरला आहेत. आणि सावकाराच्या मोडीतल्या वह्या गावच्या माळ्यावर वाळवी खात आहे. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत, म्हणजे दोन मोठ्या दुष्काळांच्या काळात, वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्वारीच्या वावरात कापूस आल्यामुळे माणसे अधिक मेली की नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद सोडवायचा तर कापसाच्या गाठींचा हिशेब एका देशातून, मृत्यूंची नोंद दुसऱ्या दप्तरातून आणि गहाणखते तिसऱ्या घरातून काढून शेजारी ठेवावी लागतील. एका विद्यापीठाच्या आवाक्यातले हे काम नाही.

असे काम जगात झाले आहे आणि ते शत्रूंमध्येही झाले आहे. जर्मनी आणि पोलंड यांच्या इतिहासकारांचा पाठ्यपुस्तक आयोग युनेस्कोच्या छत्राखाली १९७२ साली सुरू झाला. दोन्ही देशांच्या शाळांत चालेल अशा सामाईक पुस्तकाचा पहिला भाग निघाला तो २०१६ साली. चव्वेचाळीस वर्षे माणसे एका टेबलाशी बसत राहिली, निवृत्त झाली, वारली, तरी टेबल मोडले नाही. फ्रान्स आणि जर्मनीच्या सामाईक पुस्तकाचा पहिला भाग २००६ साली आला. चीन, जपान आणि कोरियाच्या अभ्यासकांनी व शिक्षकांनी २००५ साली एक पुस्तक लिहिले आणि ते तिन्ही भाषांत एकाच वेळी प्रसिद्ध केले. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला ते लगेच, आपल्या भाषेत, वाचता आले.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठाने गुलामगिरीतून आलेल्या पैशाचा आपल्याला किती लाभ झाला याचा शोध स्वतःच घेतला, २०१८ साली तो अहवाल जाहीर केला आणि २०१९ साली वेस्ट इंडीज विद्यापीठाशी करार करून वीस वर्षांत २ कोटी पौंड सामाईक संशोधनासाठी उभे करण्याचे मान्य केले. ही रक्कम पुरेशी आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण आधी स्वतःची वही उघडायची आणि मग समोरच्याबरोबर बसायचे, हा क्रम मला योग्य वाटतो. ज्या शहरांच्या बँका, गोद्या आणि सभागृहे वऱ्हाडच्या कापसावर पोसली गेली, तिथल्या विद्यापीठांनी अमेरिकेच्या कापसाचा हिशेब मांडताना आमच्या कापसाचे पान कोरे ठेवू नये.

विदर्भाला विद्वानांचे येणे नवे नाही. नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी तयार केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने छापले गेले. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या हान्स बाकर यांनी रामटेक-मनसरच्या वाकाटककालीन अवशेषांवर दीर्घकाळ काम केले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने तर नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे खणून त्यावर १८७९ साली लेख प्रसिद्ध केला. ज्याने आमची पऱ्हाटी मोजली त्यानेच आमच्या पुरातन पूर्वजांच्या कबरी मोजल्या. या सगळ्यांच्या कष्टाविषयी मला आदर आहे. तरी भाषा सर्वेक्षणातली एक गोष्ट मनाला लागते. प्रत्येक बोलीसाठी ठरलेला पहिला नमुना होता बायबलमधल्या उधळ्या मुलाची कथा. वऱ्हाडी माणसाचे शब्द कागदावर आले, पण त्या शब्दांनी त्याला दुसऱ्याची गोष्ट सांगावी लागली. सव्वाशे वर्षांनंतरही परदेशातून येणाऱ्या पुष्कळ अभ्यासकांची प्रश्नावली अशीच आधी ठरून येते. यवतमाळ जिल्ह्यात तर आत्महत्येचा प्रश्न घेऊन इतकी माणसे आली की काही घरांतल्या बायका आता पाहुणे दिसले की पदर सावरून तीच चार वाक्ये सांगतात, जी आधीच्यांना सांगितली होती.

मी स्वतः ज्याचा साक्षीदार आहे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यापीठाचे तिघे जण आमच्या शेजारच्या गावी आले. त्यांच्यासोबत मोठ्या शहरातल्या एका संस्थेचा दुभाषा होता. गावातल्या ऐंशी उलटलेल्या एका आजींनी त्यांना सलग तीन दुपार जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या. त्यांत वेचणीच्या ओव्या होत्या, जिनाच्या भोंग्याच्या होत्या, आणि एक ओवी दूर देशी गेलेल्या रुईला उद्देशून होती : तू लुगडे होऊन आलीस तर मला ओळखशील का, असा तिचा भाव होता. ती ओवी मी त्याआधी आणि त्यानंतर कोणाच्या तोंडून ऐकली नाही. मी ती उतरवून घेतली नाही, कारण यंत्र चालू होते आणि ती जपली जाईल असा माझा समज होता. पाहुण्यांनी आजींचा अंगठा एका इंग्रजी कागदावर घेतला, सुताचा एक हार घातला आणि ते गेले. पुढच्या पावसाळ्यात आजी वारल्या. त्यांचा नातू तेव्हा माझा विद्यार्थी होता. तो मला म्हणाला, “सर, माह्या आजीचा आवाज मले आयकाले भेटन का?” आम्ही चार पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले : ध्वनिमुद्रण संस्थेच्या मालकीचे असून संशोधकांना विनंतीवरून ऐकता येईल. नातू संशोधक नव्हता.

अंगठा घेताना कोणीही खोटे बोलले नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. माणसे चांगली होती, जेवताना मांडी घालून बसली होती. दोष व्यवस्थेत आहे : आठवण गोळा करणारी संस्था एका देशात, तिची मालकी दुसऱ्या कायद्याखाली, प्रबंध तिसऱ्या भाषेत आणि तो वाचायला लागणारे पैसे गावाच्या वर्षभराच्या वाचनालय निधीपेक्षा जास्त. याच्या उलट कामेही झाली आहेत. पुण्यात राहिलेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण बायांबरोबर बसून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आज त्यांतल्या पुष्कळ ओव्या गाणारीच्या नावासकट, मराठीत, कोणालाही मोफत वाचता-ऐकता येतात. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यात आलेल्या दप्तरांच्या योजनेत मूळ कागद त्या त्या देशाबाहेर नेला जात नाही आणि छायाप्रत तिथेही ठेवली जाते. म्हणजे नियम करता येतो. करायचा म्हटला पाहिजे.

आपल्या बाजूची अडचणही लहान नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे परदेशी विद्यापीठाशी मिळून पदवी अभ्यासक्रम थेट चालवायचा तर भारतीय संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या १०० विद्यापीठांत जागा लागते, आणि परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या १००० मध्ये असावी लागते. पदवीसाठी अशी अट असणे मी समजू शकतो. पण तीच शिडी आठवणीच्या कामालाही लावली गेली की करार महानगरातल्या संस्थेशी होतो आणि आमचे महाविद्यालय ‘स्थानिक साहाय्य’ म्हणून जीप आणि चहाची सोय करते. मोडी वाचणारा माणूस, सावकाराच्या घरी उठबस असलेला शिक्षक, कोलाम आदिवासींची कोलामी बोलणारी विद्यार्थिनी या तालुक्याच्या महाविद्यालयात आहेत. अमरावतीच्या विद्यापीठाने आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने अशा महाविद्यालयांना करारात नावाने घ्यावे, प्रस्तावाच्या पहिल्या पानापासून घ्यावे.

काही जण विचारतात की कर्जमाफीच्या यादीत नाव शोधणाऱ्या शेतकऱ्याला या सगळ्याचा उपयोग काय. हा प्रश्न मला गावातच विचारला गेला आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. दर हंगामात आपला शेतकरी ऐकतो की न्यूयॉर्कचा वायदा पडला म्हणून आज भाव उतरला. त्याच्या पणजोबाने १८६५ मध्ये ऐकले की अमेरिकेतली लढाई थांबली म्हणून भाव कोसळला. चढ्या भावाच्या भरवशावर घेतलेले कर्ज तेव्हाही वावर गिळून गेले. दीडशे वर्षांत या गोष्टीत काय बदलले आणि काय बदलले नाही, हे त्याला कोणी सांगितले तर तो आपल्या अडचणीला नशीब म्हणणार नाही. आणि लँकशायरच्या बंद गिरण्यांशेजारी वाढलेला मुलगा, मिसिसिपीतला गुलामांचा वंशज आणि दारव्ह्याचा मुलगा यांनी एकाच वर्षाचे भाव एका तक्त्यात पाहिले, तर त्यांना एकमेकांविषयी जे कळेल ते मी वर्गात कितीही बोललो तरी कळणार नाही.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. सामाईक आठवण उघडली की आपलीही वही उघडते. मँचेस्टरने काय नेले ते सांगणे सोपे आहे. कर्जापोटी कोणाचे वावर गावातल्याच कोणाच्या नावावर गेले, रेच्यावर कोणत्या वस्तीतल्या बाया बसत आणि त्यांना जिनाच्या कोणत्या विहिरीचे पाणी भरता येत नसे, कोलाम आणि गोंड कुटुंबांच्या जमिनी कोणत्या अंगठ्यांवर गेल्या, हे सांगणे अवघड आहे, कारण देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे नातू आज एकाच गल्लीत राहतात. मला एका घरी मोडी वही दाखवून, दोन पाने उलटल्यावर ती हळूच मिटून घेतली गेली आहे. त्या घरमालकाची भीती मला समजते. तरीही ग्लासगोला त्याची वही उघडायला सांगणाऱ्याने आपली मिटून ठेवता कामा नये. दूरच्या अभ्यासकाचा इथे एक खरा उपयोग होतो : गावातले जे प्रश्न मी विचारले तर भाऊबंदकी होईल, ते बाहेरचा माणूस विचारू शकतो, आणि त्याला मिळालेले उत्तर नीट समजायला मी सोबत लागतो.

गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरमध्ये लँकशायरच्या डार्वेनला गेले होते. त्यांच्या बहिष्काराने ज्यांचे काम गेले असे मानले जात होते, त्या गिरणीकामगारांना ते भेटले, त्यांच्या बेकारीचे दुःख त्यांनी ऐकून घेतले आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे दुःख त्यांना सांगितले. पाच वर्षांनी ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला येऊन राहिले. डार्वेन आणि सेवाग्राम या दोन ठिकाणच्या मुलांनी आजवर एकमेकांना एक पत्र तरी लिहायला हवे होते. ही पहिली पायरी घालायला करार, क्रमवारी, निधी यांपैकी काहीच लागत नाही.

येत्या दिवाळीनंतर एक नवे पथक आमच्या भागात येणार आहे. या वेळी आम्ही तालुक्यातल्या सहा-सात शिक्षकांनी मिळून एक मराठी कागद तयार केला आणि तो त्यांना आधीच पाठवला. त्यात लिहिले आहे की बोलणाऱ्याची संमती त्याच्या भाषेत वाचून दाखवून घेतली जाईल आणि ती मागे घेण्याचा त्याला हक्क राहील. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची पूर्ण प्रत त्याच आठवड्यात गावच्या शाळेत ठेवली जाईल. अहवाल मराठीत इंग्रजीच्या आधी किंवा बरोबर निघेल. आणि ज्या विद्यार्थ्यांनी मोडी वाचली किंवा कोलामीचा अर्थ लावला त्यांची नावे लेखकांत येतील, आभारांत नाहीत. शेवटची ओळ नातवाने घालायला लावली, तो आता तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतो : आधी नेलेले परत आणण्यासाठी हे विद्यापीठ आपल्या बाजूने पत्र लिहील. त्यांनी बाकीच्या अटी मान्य केल्याचे कळवले आहे. या एका ओळीवर त्यांचे उत्तर यायचे आहे.